कमल रणदिवे आणि स्तनाचा पहिला अंकुर

मुंबईत परळला टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले ते १९४१ मध्ये. त्याच दशकात तिथल्या प्रयोगशाळेत पुण्याहून लग्न होऊन मुंबईला आलेली एक तरुण संशोधक उंदरांच्या स्तनग्रंथी तपासत होती. कर्करोगाचे रुग्णालय म्हटल्यावर ती गाठी तपासत असणार, असे आपण धरून चालू. पण कमल रणदिवे यांचा विषय वेगळा होता. उंदरांचे चार वंश घ्यायचे, काहींत स्तनाचा कर्करोग सहज होतो, काहींत तितका होत नाही. आणि या चारही वंशांच्या निरोगी स्तनग्रंथींची रचना एकमेकींशी ताडून पाहायची. रोग होण्याआधीच त्या ग्रंथींत काही फरक दिसतो का, हा त्यामागचा प्रश्न.

रोग शिकायचा तर आधी निरोगी अवयव शिकावा, हे ऐकायला साधे वाटते. वैद्यकाच्या पहिल्या वर्षी आम्हालाही तेच शिकवतात. पण परीक्षा संपते आणि पुढे आयुष्यभर डॉक्टर बिघाडच पाहत राहतो. स्तनाच्या बाबतीत याचा तोटा जास्त होतो, कारण हा अवयव जन्मतः पूर्ण नसतो. तो गर्भात सुरू होतो, मग बराच काळ थांबतो, वयात येताना वाढतो, बाळंतपणात पुन्हा बदलतो. कुठल्या वयात काय नैसर्गिक हे माहीत नसेल, तर घाबरू नये तिथे आपण घाबरतो आणि घाबरायला हवे तिथे गप्प बसतो. म्हणून आज रणदिवेबाईंच्या आयुष्याबरोबर त्यांच्या अभ्यासाच्या अवयवाचीही गोष्ट सांगते. बाईंचा आपल्या नगर जिल्ह्याशी आणि प्रवरेशी संबंध आला, तो मात्र उतारवयात.

त्यांचे माहेरचे नाव कमल समर्थ. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७ चा. वडील दिनकर दत्तात्रेय समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत; आईचे नाव शांताबाई. सगळ्या मुलांनी नीट शिकावे यावर वडिलांचा कटाक्ष होता. कमल हुजूरपागेत शिकल्या. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी वडिलांची इच्छा होती. मुलीने यातले काहीच केले नाही. फर्ग्युसनमध्ये वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन त्या विशेष प्रावीण्यासह पदवीधर झाल्या. १३ मे १९३९ रोजी त्यांचे लग्न झाले ते जयसिंग रणदिवे या गणितज्ञाशी. पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून १९४३ मध्ये त्यांनी एम.एस्सी. केले. विषय होता सीताफळ-रामफळाच्या कुळाचे पेशीजननशास्त्र, म्हणजे पेशीतल्या गुणसूत्रांचा अभ्यास. हा वडिलांच्याही आवडीचा प्रांत. पदव्युत्तर अभ्यासात नवऱ्याची खूप मदत झाली, असे त्यांच्या चरित्रात नोंदलेले आहे. त्या काळात संसार सांभाळून संशोधन करणाऱ्या बाईला घरातून अशी साथ मिळणे ही किरकोळ गोष्ट नव्हती.

सीताफळाकडून उंदराकडे वळणे आज विचित्र वाटेल. पण काचपट्टीवर पेशी पसरायच्या, रंगवायच्या आणि त्यांतली गुणसूत्रे निरखायची ही सवय दोन्हीकडे सारखीच लागते. टाटा रुग्णालयाच्या प्रयोगशाळांचे प्रमुख डॉ. वसंत रामजी खानोलकर हे भारतातील विकृतिशास्त्राचे जनक मानले जातात. त्यांच्या मार्गदर्शनाखाली रणदिवे यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली.

उंदीरच का? उंदराचे आयुष्य दोन-तीन वर्षांचे, गर्भारपण जेमतेम तीन आठवड्यांचे. भावंडांचेच वीण लावत पिढ्यान्‌पिढ्या वाढवलेल्या वंशात सगळे उंदीर जवळजवळ जुळ्यांसारखे एकसारखे होतात. आणखी एक सोय अशी की उंदराची स्तनग्रंथी कातडीखाली चरबीच्या पातळ चादरीत पसरलेली असते. ती चादर अलगद सोडवून काचेवर ताणली आणि रंगवली की पर्णहीन झाडासारख्या फांद्या-उपफांद्या सबंध दिसतात. आतल्या नळ्यांचे जाळे इतके स्वच्छ पाहायला माणसात मिळत नाही.

शिवाय त्या वेळी उंदरांनी कर्करोगतज्ज्ञांना मोठे कोडे घातले होते. अमेरिकेत जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या वंशात स्तनाचा कर्करोग सर्रास होतो त्या वंशाची पिल्ले जन्मताच आईपासून काढून कर्करोग न होणाऱ्या वंशाच्या मादीला पाजायला लावली. त्या पिल्लांत पुढे कर्करोगाचे प्रमाण एकदम खाली आले. म्हणजे आजार नुसता रक्तातून, वंशातून येत नव्हता. तो दुधातून येत होता. दुधातला तो घटक विषाणू निघाला. पण विषाणू असूनही काही वंश टिकून राहत आणि संप्रेरकांशिवाय गाठ होत नसे. वंश, संप्रेरके आणि विषाणू या तिघांचे एकमेकांशी नाते काय, हा रणदिवेबाईंच्या पुढच्या कामाचा गाभा ठरला.

आता ती निरोगी ग्रंथी मुळात येते कुठून ते पाहू.

गर्भ पाच-सहा आठवड्यांचा असतो तेव्हा त्याची लांबी एक सेंटिमीटरच्या आसपासही मुश्किलीने असते. इथे एक खुलासा: भ्रूणशास्त्रज्ञ फलनापासून दिवस मोजतात, आम्ही डॉक्टर शेवटच्या पाळीपासून. म्हणजे आमच्या हिशेबाने हा सातवा-आठवा आठवडा. अनेक बायका याच सुमाराला लघवीची तपासणी करून घ्यायला येतात. त्या वेळी पोटातल्या जिवाच्या अंगावर दोन्ही बाजूंना, काखेपासून जांघेपर्यंत, वरच्या त्वचेची एक पुसट जाडसर रेघ उमटते. तिला दुग्धरेषा म्हणतात. मुलगा असो वा मुलगी, ती दोघांतही असते.

सगळ्या सस्तन प्राण्यांत सुरुवात अशीच. पुढे कुठला भाग ठेवायचा आणि कुठला पुसायचा हे ज्याचे त्याचे वेगळे. गायीची चार आणि शेळीची दोन सडे जांघेकडच्या टोकाला राहिली. कुत्री आणि डुकरीण यांच्यात जवळजवळ सगळी रेघ कामी आली. हत्तिणीचे दोन स्तन आपल्यासारखे छातीवर, पुढच्या पायांच्या मध्ये. उंदराला पाच जोड्या: तीन छातीकडे, दोन जांघेकडे. माणसात बरगड्यांच्या चौथ्या फटीच्या पातळीवरचा एकेक ठिपका तेवढा उरतो. बाकीची रेघ विरून जाते.

कधी ती नीट विरत नाही. छातीखाली किंवा पोटावर तीळ किंवा चामखीळ समजून आयुष्यभर बाळगलेला ठिपका प्रत्यक्षात जादा स्तनाग्र असतो. रेघेच्या वाटेवर नेमका असेल तर ओळखायला सोपा, पुरुषांतही आढळतो, आणि त्याला काही करावे लागत नाही. काखेत उरलेली स्तनाची ऊती मात्र बाळंतिणीला घाबरवते. दूध उतरते त्या दोन-चार दिवसांत काखेतही गोळा फुगतो, ठणकतो आणि घरचे हादरतात. आमच्या प्रसूती कक्षात हा प्रसंग मी अनेकदा पाहिला आहे. बहुतेकदा काही दिवसांत तो आपोआप बसतो. पण बाळंतपणाशी संबंध नसताना काखेत नवी गाठ हाताला लागली, तर ती दाखवायलाच हवी.

उरलेला ठिपका जाड होतो आणि सातव्या-आठव्या आठवड्यात खालच्या मऊ ऊतीत अंकुरासारखा शिरू लागतो. बी मातीत रुजते तसे हे काहीसे आहे. इथली माती मात्र नुसती आधाराला नसते, ती सूचना देत असते. तेरुयो साकाकुरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये उंदराच्या गर्भातला स्तनाचा अंकुर काढून लाळग्रंथीच्या खालच्या ऊतीत ठेवला. अंकुराला फांद्या फुटल्या त्या लाळग्रंथीच्या धाटणीच्या. पण योग्य संप्रेरके मिळाल्यावर त्या फांद्यांच्या पेशींनी बनवले ते दूधच. म्हणजे आकार मातीने ठरवला आणि धर्म बियाणाने राखला.

माणसात चौथ्या महिन्याच्या सुमाराला अंकुराला उपअंकुर फुटतात. ते आधी भरीव दोऱ्यांसारखे असतात; शेवटच्या तीन महिन्यांत आतून पोकळ होत त्यांच्या नळ्या बनतात. जन्माच्या वेळी अशा १५ ते २० नळ्या स्तनाग्राशी येऊन मिळालेल्या असतात. स्तनाग्रही आधी खळगा असते. जन्माच्या आगेमागे ते वर येते. एखाद्या बाईचे स्तनाग्र आत ओढलेले राहते ते बऱ्याचदा ही शेवटची पायरी अपुरी राहिल्याने. जन्मापासूनच तसे असेल तर चिंता नको. आधी नीट असलेले स्तनाग्र मोठेपणी आत ओढले जाऊ लागले तर मात्र लगेच तपासावे.

मुलग्यांचे काय? उंदराच्या नर गर्भात पुरुषसंप्रेरकाच्या प्रभावाने अंकुराभोवतीची ऊती आवळत जाते आणि अंकुर तुटून नाहीसा होतो; म्हणून नर उंदराला स्तनाग्रे नसतात. माणसात हे घडत नाही. पुरुषाकडे लहानशी नळ्यांची चिमूट आयुष्यभर राहते. स्तनाच्या कर्करोगाच्या दर शंभर रुग्णांमागे साधारण एक पुरुष असतो, तो यामुळे. पुरुष सहसा उशिरा येतात, कारण आपल्याला हा आजार होऊ शकतो हेच त्यांना ठाऊक नसते.

आता जन्मानंतरची एक गोष्ट, जिच्यासाठी हा लेख वाचून कुणी सासू-आजी थांबली तरी मला समाधान वाटेल. आईची संप्रेरके वारेतून बाळाकडे गेलेली असतात. त्यामुळे पहिल्या आठवड्यात कित्येक बाळांची छाती, मुलगा असो वा मुलगी, टणक होते, फुगते, क्वचित दुधासारखा थेंबही येतो. तो आपोआप काही आठवड्यांत ओसरतो. पण न्हाऊ घालताना ही छाती पिळून मोकळी करायची रीत आपल्याकडे अजून आहे. पिळल्याने कातडीतले जंतू आत जातात, पू होतो, कधी चीर द्यावी लागते. मुलीच्या बाबतीत धोका त्याहून मोठा आहे. तिचा पुढचा सगळा स्तन त्या वाटाण्याएवढ्या अंकुरातून वाढायचा असतो. तो अंकुर पुवाने किंवा व्रणाने जळाला, तर वयात आल्यावर त्या बाजूचा स्तन वाढत नाही किंवा लहान राहतो. आणि तेव्हा दहा-बारा वर्षांपूर्वीच्या अंघोळीशी त्याचा संबंध कुणाच्या लक्षातही येत नाही.

हाच धोका पुन्हा आठ ते बारा वर्षांच्या दरम्यान येतो. मुलगी वयात येताना अंकुर जागा होतो आणि पुष्कळदा एका बाजूला आधी. आई एकाच बाजूला लागलेली दुखरी गाठ घेऊन धावत येते. ती गाठ म्हणजे तिचा स्तनच असतो. ती कापायची नसते, तिचा तुकडा काढायचा नसतो. थोडे थांबले की दुसरी बाजूही येते.

वयात येताना नळ्यांच्या टोकांना लहान फुगीर गोंडे येतात. तिथल्या पेशी झपाट्याने वाढत चरबीत वाट काढतात आणि झाड विस्तारते. या काळात पेशी जितक्या वेगाने विभागतात तितक्या त्या इजेला हळव्या असतात. हिरोशिमा-नागासाकीच्या अणुस्फोटांतून वाचलेल्या स्त्रियांत, ज्यांना वयाच्या विशीच्या आत किरणोत्सर्ग लागला त्यांना पुढे स्तनाच्या कर्करोगाचा धोका सर्वांत जास्त दिसला. पहिल्या पूर्ण दिवसांच्या गर्भारपणात फांद्यांच्या टोकांना दूध बनवणाऱ्या पिशव्या तयार होतात आणि पेशी पक्व होतात. पहिले मूल लवकर झालेल्या बायकांना पुढे धोका थोडा कमी असतो तो या पक्वतेमुळे, असे मानले जाते. हे वाचून कुणी मुलीचे लग्न लवकर उरकण्याचे समर्थन काढू नये. कोवळ्या वयातल्या बाळंतपणाने आई आणि मूल दोघांचे होणारे नुकसान या फायद्यापेक्षा कितीतरी मोठे आहे.

उंदराच्या दुधातल्या विषाणूने एक खरी भीतीही जन्माला घातली होती. बाईच्या दुधातही तसे काही असेल का? पीएच.डी.नंतर खानोलकरांच्या आग्रहाने रणदिवे रॉकफेलर फाउंडेशनची शिष्यवृत्ती घेऊन अमेरिकेत बाल्टिमोरला, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. जगभर वापरली जाणारी हेला ही मानवी पेशींची मालिका १९५१ मध्ये वाढली ती याच प्रयोगशाळेत. शरीराबाहेर काचेच्या नळीत पेशी जिवंत ठेवण्याचे तंत्र रणदिवे तिथे शिकल्या आणि मुंबईत परतल्या. १९५२ मध्ये खानोलकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेल्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये त्यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची आणि ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली. पेशींना लागणारा पोषक द्रव त्या आणि त्यांचे सहकारी इथेच बनवत. बाटली उघडली आणि ओतली, अशी आजची सोय तेव्हा नव्हती. द्रवात जंतू शिरला की आठवड्यांची मेहनत वाया जाते. ते टाळण्याची शिस्त त्यांनी हाताखालच्या मुलामुलींना लावली. १९६६ ते १९७० या काळात त्या संस्थेच्या कार्यकारी संचालक होत्या. कर्करोगाची कारणे, पेशीजीवशास्त्र, प्रतिकारशक्ती अशा नव्या शाखा त्यांच्याच काळात तिथे वाढल्या.

याच तंत्राचा उपयोग कुष्ठरोगाकडेही झाला. रुग्णांच्या ऊतींतून मिळवलेला एक जंतू मुंबईच्या या प्रयोगशाळेत वाढवला गेला आणि त्यावरून पुढे लस तयार झाली. तो जंतू खुद्द कुष्ठरोगाचा होता की त्याच्या नात्यातला, यावर बराच वाद झाला. कुष्ठरोगाचा जंतू कृत्रिम माध्यमात अजूनही वाढवता येत नाही. या कामासाठी १९६४ मध्ये त्यांना वाटुमल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी भारतीय वैद्यक परिषदेचा पहिला रौप्यमहोत्सवी संशोधन पुरस्कारही त्यांना मिळाला: सुवर्णपदक आणि १५,००० रुपये. वैद्यक परिषदेचा हा मान जिने वडिलांचे ऐकून डॉक्टर व्हायचे टाळले तिला मिळाला, याची मला गंमत वाटते.

विषाणूचा प्रश्न माणसापुरता कसा सुटला? मुंबईच्या पारशी समाजातल्या बायकांत स्तनाचा कर्करोग इतरांपेक्षा जास्त आढळतो, हे टाटा रुग्णालयाच्या नोंदींतून पुढे आले होते. त्यांच्या दुधात उंदराच्या विषाणूसारखे दिसणारे कण सापडल्याचा निबंध १९७१ मध्ये 'नेचर' नियतकालिकात आला. त्याच्या लेखकांत रणदिवेबाईंच्याच संस्थेतील सत्यवती सिरसाट होत्या. खळबळ उडाली, पुढे अनेकांनी शोध घेतला. पण असा विषाणू माणसात कर्करोग घडवतो हे सिद्ध झाले नाही. आईला किंवा आजीला स्तनाचा कर्करोग झाला म्हणून बाळाला अंगावर पाजू नये, असे आजही कुणी सांगते. ते चूक आहे. उलट २००२ मध्ये ३० देशांतल्या ४७ अभ्यासांचे एकत्र विश्लेषण झाले, त्यात स्तनपानाच्या दर १२ महिन्यांमागे आईचा धोका सुमारे ४ टक्क्यांनी कमी होताना दिसला.

२०२१ मध्ये त्यांच्या जन्मदिनी गुगलने त्यांचे चित्र पहिल्या पानावर लावले, तेव्हा स्तनाचा कर्करोग आणि आनुवंशिकता यांचा संबंध जगात प्रथम त्यांनी शोधला, असे बऱ्याच ठिकाणी छापून आले. ते जरा जास्तच झाले. पॉल ब्रोका या फ्रेंच शल्यचिकित्सकाने १८६६ मध्येच आपल्या पत्नीच्या घराण्यातली या आजाराची वंशावळ मांडली होती. आणि मेरी-क्लेअर किंग यांनी बीआरसीए-१ या जनुकाची जागा दाखवली ती १९९० मध्ये. या दोहोंच्या मधल्या काळात भारतात कुणाला या वाटेने जायचे सुचत नव्हते, तेव्हा वंश, संप्रेरके आणि विषाणू यांचा गुंता प्रयोगाने सोडवायला बसलेल्या मोजक्या लोकांत रणदिवे होत्या. त्यांचे मोठेपण सांगायला एवढे पुरे आहे. कर्करोग आणि कुष्ठरोग या विषयांवर त्यांचे दोनशेहून अधिक निबंध प्रसिद्ध झाले.

१९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले. त्याच वर्षी अमेरिकेत रोल नुसे आणि हॅरॉल्ड व्हार्मस यांनी उंदराच्या त्या जुन्या दुधातल्या विषाणूचे गुपित उघड केले. हा विषाणू स्वतः कर्करोगाचे जनुक घेऊन येत नाही. तो स्तनपेशीच्या गुणसूत्रात शिरतो आणि शेजारचे एक निजलेले जनुक जागे करतो. हे जनुक पुढे फळमाशीतही सापडले. ते बिघडले की माशीला पंखच येत नाहीत. दोन्ही नावे जोडून त्याच्या कुळाला विंट म्हणतात. गर्भात कुठे काय उगवायचे याच्या सूचना हे कूळ देते. २००४ मध्ये उंदरांच्या गर्भात विंटची सूचना रोखून पाहिली, तर स्तनाचे अंकुरच उमटले नाहीत.

म्हणजे दुग्धरेषेवर अंकुर रुजवायला जी हाक लागते, तीच हाक मोठेपणी, भलत्या वेळी, थांबायचे कधी ते न सांगता दिली गेली की गाठ होते. कर्करोग पेशीला सगळेच नवे शिकवत नाही; गर्भात तिने शिकलेले तो पुन्हा चालू करतो. गाठीच्या अभ्यासाची सुरुवात निरोगी ग्रंथीपासून करणे का योग्य होते, ते या जनुकाने दाखवले. तोवर रणदिवेबाई पासष्टीच्या झाल्या होत्या.

प्रयोगशाळेबाहेरचे त्यांचे एक काम मला तितकेच मोलाचे वाटते. १९७३ मध्ये त्यांनी अकरा सहकाऱ्यांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली आणि तिच्या त्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. नवी मुंबईत वाशीला या संघटनेने नोकरी करणाऱ्या बायकांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघर चालवले. विज्ञान शिकलेली बाई प्रयोगशाळा कुठल्या कारणाने सोडते, हे ज्याने पाहिले आहे त्याला वसतिगृह आणि पाळणाघर हेच आधी का सुचले ते कळेल. परदेशी गेलेल्या भारतीय संशोधकांनी परत येऊन इथे काम करावे, असाही त्यांचा आग्रह असे. त्या स्वतः परतल्या होत्या.

आणि मग नगर जिल्हा. ११ एप्रिल २००१ रोजी, वयाच्या ८४व्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्याआधी, १९८९ मध्ये संशोधनाचे व्यावसायिक काम थांबवल्यावर त्या अकोले तालुक्यातील सत्यनिकेतन या संस्थेबरोबर काम करू लागल्या. देवळाली प्रवराच्या उसाला ज्या नदीचे पाणी मिळते, ती रतनगडाच्या कुशीत याच तालुक्यात उगम पावते. महादेव कोळी आणि ठाकर वस्त्यांचा, डोंगराळ मुलूख. आदिवासी मुलांच्या पोषणाची स्थिती त्यांनी तिथे नोंदवली. महिला वैज्ञानिक संघटनेच्या सरकारी अनुदानातल्या प्रकल्पांतून गावातल्याच बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले, त्यांना आरोग्याचे आणि आहाराचे शिक्षण दिले.

आशा सेविका तेव्हा नव्हत्या. ती योजना आली २००५ मध्ये. बाळंतिणीचा पहिला पिवळसर चीक फेकून देऊन बाळाला मध किंवा साखरपाणी चाटवायची रीत आपल्याकडे घराघरात होती, आणि अजून पुरती गेलेली नाही. तो चीक बनवायला स्तनाने गर्भारपणाच्या मध्यावरच सुरुवात केलेली असते. बाळाला जंतूंपासून वाचवणारे घटक त्यात सर्वांत दाट असतात. आमच्या कक्षात बाळ जन्मल्यावर तासाभरात त्याला छातीशी लावतात. सोबत आलेली म्हातारी कुरकुरते. मग त्यांच्याच गावची आशा सेविका तिला बाजूला घेऊन समजावते, आणि बाळ चीक ओढायला लागते.